कच्चा आवाज

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चिठ्ठी आमचीच वाईट निघाली! बाकीच्या गटांना 'मैत्री', 'पहिलं प्रेम', 'मी कोण' असलं काहीतरी गोड गोड. आम्हाला — 'लैंगिक आरोग्य'. वाचून दाखवताना मॅडमचा आवाज चिरकला. (मॅडम म्हणजे आमच्या गटाची दिग्दर्शक. माझ्याच वर्गातली आहे, पण दिग्दर्शक झाल्यापासून तिची चालसुद्धा बदललीय.) पाच मिनिटांची फिल्म करायची, महिन्याच्या आत, आपली आपण. फिल्मचं शिबिर घेणारी ताई म्हणाली, "सगळे विषय आतून एकच आहेत — नाती, शरीर, ओळख." असतील. आम्हाला सध्या हसू आवरत नाहीये.

मला आवाजाचं खातं मिळालं. कुणाला नकोच होतं ते. काठीला माइक, कानाला हेडफोन, आणि फ्रेमच्या बाहेर गुपचूप उभं राहायचं. मी लगेच हो म्हणाले. बाहेर उभं राहायचा मला दांडगा सराव आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ताईनं आज सगळ्यांना गोल बसवलं आणि शब्द म्हणायला लावले. "'ते', 'तिथलं', 'तसलं' — हे शब्द या खोलीत बंद! अवयवाला नाव आहे, ते घ्या." मग एकेकानं मोठ्यानं — योनी. लिंग. पाळी. निरोध. आमचा एडिटर चष्मा 'वीर्य' म्हणताना एवढा लाल झाला की ताईनंच त्याला पाणी आणून दिलं. हिरॉइन खिदळत माझ्या खांद्यावर कोसळली. मी मात्र सगळे शब्द घडाघडा म्हणाले. "बघा, ही बघा! हिला काही वाटत नाही. धीट आहे," ताई म्हणाली.

धीट! माझं घोडं कुठे अडतं ते तिला काय माहीत. योनी म्हणता येतं. 'मी आले' म्हणता येत नाही. म्हणजे म्हणते, दिवसभर म्हणते, दुसरं म्हणणार काय — पण दर वेळी कुणीतरी दुसरीच आल्यासारखं वाटतं. आपली भाषाही अशी खडूस आहे ना! साधं आलो-गेलो सांगायचं तर आधी ओळखपत्र दाखवा, तू मुलगा की मुलगी. इंग्रजीच्या तासाला मला बरं वाटतं ते एवढ्यासाठीच. तिथे मी नुसती मी असते.

बघ. लिहितानाही आलंच. 'नुसती.' 'असते.'

मी मुलगी नाही. हे कुठेही पहिल्यांदाच लिहिलं. लिहून झाल्यावर वही उपडी ठेवली आणि उगाच पाणी पिऊन आले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गोष्ट ठरली. एका मुलीला अंगावरून पांढरं जातंय. कुणाला विचारावं कळत नाही. एक दिवस ती एकटीच दवाखान्यात जाते, बाकावर बसते, नंबर येतो, उठते — आणि न विचारताच घरी येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. संपलं. पडद्यावर कुणी काही बोलत नाही, फक्त तिच्या मनातला आवाज. मॅडमनं लिहिलंय. खरं सांगायचं तर चांगलं लिहिलंय, पण तिला तसं सांगितलं तर ती उद्यापासून काळा गॉगल लावून येईल.

बाकावर बसणार आमची हिरॉइन. ती आमच्याच जिन्यातली, वरच्या मजल्यावरची. आम्ही एका बाबागाडीतून फिरलोय असं दोघींच्या आया सांगतात. हल्ली तिच्या फोनची बत्ती पेटली की माझं वाक्य अर्धं राहतं. ती म्हणते, "बोल ना, ऐकतेय मी." मी म्हणते, काही नाही गं. आणि खरंच, काही नसतंच. जे असतं ते तिला सांगण्यासारखं नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

आमच्या स्वयंपाकघरात शूटिंग. आई कामावर. हिरॉइन ओट्याला टेकून उभी राहते, नळ बंद करते, निघते. एवढंच, पण सकाळ गेली त्यात. एकदा बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला, एकदा मॅडमच शिंकली.

शेवटी 'रूम टोन' घेतला. म्हणजे खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, मिनिटभर कुणी हलायचं नाही. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, ताई म्हणते, आणि दुसऱ्या खोलीची डकवली की कानाला लगेच कळतं. हेडफोनमधून आमचं स्वयंपाकघर ऐकलं. पाइपात पाणी उतरत होतं. खिडकीची काच बारीक थरथरत होती. मी रोज शाळेतून आल्यावर याच आवाजात जेवते आणि मला कधी ऐकू आला नव्हता. एकदम रडूच आलं. हललं तर टेक जाईल म्हणून डोळेही पुसले नाहीत.

सोमवार, १० फेब्रुवारी

दूध नासलं! आवाज नको म्हणून काल फ्रिज बंद केला होता तो चालू करायचाच राहिला. आई — "चुलीत गेली तुझी ती फिल्म!"

बुधवार, १२ फेब्रुवारी

आईची कंबर धरलीय. कपड्यांच्या दुकानात वरच्या माळ्यावर तिचं मशीन आहे — अल्टरेशन. लोक बिनदिक्कत मोठं घेऊन जातात आणि आणून देतात, बारीक करा, आखूड करा. ती घरी आल्यावर मी पाठीला मलम चोळून दिलं. "गुणाची गं माझी पोर," म्हणाली. मी चोळत राहिले.

बाबा दुसऱ्या गावी असतो, क्रेन चालवतो. मी लहान असताना तो इथेच होता. कामावरून आला की दारातूनच ओरडायचा — "कुठे गेला माझा पठ्ठ्या? जेवला का राजा?" गेला, जेवला, झोपला, रुसला! लाडात बोलतात तसं. त्यात विशेष काही नाही, पुष्कळ घरांत लेकींना असं बोलतात. मग एकदा आत्या आली होती, ती म्हणाली, "आता मोठी झाली ती, काय गेला-आला लावलंयस?" बाबा हसला. दुसऱ्या दिवशी आल्यावर म्हणाला, "जेवलीस का?" बस्स, तेव्हापासून तेच. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मला मात्र घरातलं कुणीतरी कायमचं गेल्यासारखं वाटलं होतं, आणि विचारायचं कुणाला?

शनिवार, १५ फेब्रुवारी

हिरॉइनचा घसा बसला. हूं की चूं नाही. मॅडमची तारांबळ! मनातला आवाज असल्याशिवाय चष्माला एडिटिंग करता येईना. शेवटी म्हणाली, "तू वाच. कच्चा आवाज. नुसता वेळ बसवायला, नंतर काढून हिचा घालू."

माझ्या कपाटात रेकॉर्ड केलं. कपड्यांनी आवाज घुमत नाही ना. आत रजया, आईनं दुरुस्तीला घरी आणलेले दोन कोट, मी, माइक. दार लावून घेतलं. बाहेरून मॅडम ओरडली, "भावना-बिवना नको घालूस, सरळ वाच!" फोनच्या उजेडात कागद धरला आणि वाचलं. बाकावर बसणं, नंबर पुकारणं, दारापर्यंत जाणं, परत फिरणं. एका दमात झालं.

बाहेर आले तर घामाघूम, पण काय हलकं वाटत होतं! का ते कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मला आवडला.

रविवार, १६ फेब्रुवारी

चष्माचा निरोप. "एक विचारू? कागदावर बसले, उठले, गेले, आले असं आहे. तू सगळीकडे बसलो, उठलो, गेलो, आलो म्हटलंयस. मुद्दाम?"

शपथ, मला माहीतच नव्हतं! त्यानं तुकडा पाठवला होता. हेडफोन लावून पलंगावर बसले. 'मी बाकावर बसलो. बाक गार होता. माझा नंबर पुकारला. मी उठलो. दारापर्यंत गेलो. आणि घरी आलो.' कुठे अडखळणं नाही, ओढाताण नाही. घरातल्याच कुणीतरी शेजारी बसून सांगावं तसं. पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. हा इतकी वर्षं कुठे होता?

चष्माला उत्तर पाठवलं — "सॉरी, चुकून."

सोमवार, १७ फेब्रुवारी

पुन्हा कपाटात. पुन्हा तोच कागद. 'मी बाकावर बस—' आणि गाडी थांबली. मग 'बसले' म्हटलं, नीट म्हटलं, सगळं नीट म्हटलं. बाहेर आल्यावर मॅडमनं तोंड वाकडं केलं. "मेल्यासारखं का वाचतेयस? परवा किती जीव होता!"

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मॅडमला साक्षात्कार झालाय! चष्मानं तिला दोन्ही ऐकवले. ती खुर्चीवरून उठली, खोलीत फेऱ्या मारल्या, आणि म्हणाली, "हेच ठेवायचं! -लो, -लो! बाकावर मुलगी आणि डोक्यात पुरुषी आवाज. म्हणजे कोण बोलतंय? समाज! तिच्या मनातसुद्धा तिला स्वतःचा आवाज नाही. बाई गं, काय सुचलंय मला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिरॉइननंही, बसलेल्या घशानं. मी काय सांगणार होते? की हा समाज-बिमाज कुणी नाही, मी आहे? माझ्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य, आणि ते म्हणे दुसऱ्या कुणाचं तरी आहे, माझ्याच डोक्यात घुसलेलं. त्यात आवाज राहणार याचा आनंदही झाला. राग आणि आनंद एकदम झाला की माणसाला नुसती भूक लागते. घरी येऊन दोन केळी खाल्ली.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एक ठरवलंय. या वहीत तरी '-ले' लिहायचं नाही. '-लो' लिहून पाहिलं, लगेच खोडलं. मग दोन्ही नको.

जमतं! मराठीच्या बाई तो कर्मणी प्रयोग घसा फोडून शिकवायच्या, त्याचा उपयोग आज कळला. 'मी केळं खाल्लं.' इथे क्रियापद लिंग विचारतं ते केळ्याला, मला नाही! भविष्यकाळातही सुटका — मी जाईन, मी सांगीन, मी राहीन. मुलगा म्हणेल तेच मुलगी म्हणेल. गोची होते ती कालची आणि आजची. उद्या मी कुणीही असू शकेन.

आजचा दिवस: शाळेत जाणं झालं. डबा संपवला. घरी येणं झालं. वाचताना हसू आलं. 'झालं, झालं' — मी म्हणजे काय माणूस आहे की पाऊस?

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताईला फिल्म दाखवली. दिवे लागल्यावर ती मागे वळली. मग — "आवाज कुणाचा आहे?"

"हिचा," मॅडम म्हणाली. "आधी चुकून झालं होतं. मग मला अर्थ सुचला."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, काय माहीत. पण ती म्हणाली, "सुंदर चूक आहे." आणि सगळे हसले.

घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच. चूक. सुंदर असली म्हणून काय झालं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

चष्माकडे शेवटचं एडिटिंग. बाकी कुणी आलंच नाही, मॅडम पोस्टर करतेय. तो कामात असला की बोलत नाही, ते बरं असतं. मी आणलेली स्वयंपाकघरातली शांतता त्यानं आवाजाखाली अंथरली. मग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "चुकून एखादं '-लो' होतं. सगळीच्या सगळी होत नाहीत."

मी हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली.

"मला काही विचारायचं नाहीये," तो घाईघाईनं म्हणाला, परत लाल. "फाइलचं नाव 'कच्चा आवाज' आहे अजून. तेवढं बदलू का? पक्का करू?"

"कर," एवढंच जमलं. एका माणसाला कळलंय बहुतेक. आणि आभाळ कोसळलं नाही. पण त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, म्हणजे आता दोन माणसं गप्प आहेत, एवढाच फरक.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

शनिवारी सभागृहात सगळ्यांच्या फिल्म दाखवणार, आणि आई येणार म्हणते! दुकानातून अर्धी रजा काढलीय. "तुला कंटाळा येईल गं," असं म्हणून पाहिलं. "येऊ दे. माझा ओटा मोठ्या पडद्यावर कसा दिसतो ते बघायचंय मला. आधीच सांगायचं, घासून ठेवला असता."

आता? माझा आवाज अंधारात तिच्या कानावर पडणार. मी मागच्या बाजूला प्रोजेक्टरपाशी असेन. तिचं तोंड दिसणार नाही.

मॅडमचं भाषण पाठ झालंय, शाळेच्या गेटपाशी उभी राहून म्हणत होती. "हा आवाज त्या मुलीचा नाही. हा बाहेरचा आवाज आहे." दोनदा ऐकवलं मला. दुसऱ्यांदा मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण विचारलं तर काय सांगायचं तेही कळेना. गप्प राहिलं तर ते कायमचं तेच होईल — बाहेरचा आवाज. मग घरचा कुठला? बोललं तर आई समोर बसलेली. सगळ्यांत आधी तिला सांगायचं ठरवलं होतं, एकटीला, हळूहळू. कधी? दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज काही नाही. भीती वाटते.

शनिवार, १ मार्च

सभागृह भरलं होतं. आया, बाप, मावश्या, कुणाचं तरी रडणारं बाळ. आमची फिल्म तिसरी. ओटा दिसला तेव्हा आईचं डोकं जरा पुढे झुकलं, तेवढं मागून दिसलं. मग आवाज. 'मी बाकावर बसलो.' एवढ्या मोठ्या खोलीत! सगळे गप्प. बाळसुद्धा.

संपल्यावर सगळे गट स्टेजवर, आणि प्रश्न. एक काका उठले, कुणाचे तरी वडील, चांगला माणूस, मनापासून विचारत होते. "फिल्म आवडली. पण एक समजलं नाही, मुलगी बसलेली आणि मागे बसलो-उठलो. ही रेकॉर्डिंगची चूक राहिलीय का?" थोडे हसले लोक. मॅडमनं माइक घेतला आणि सुरू झाली. समाज. पुरुषी. बाहेरचा आवाज. चष्मा माझ्याकडे बघत होता. काका म्हणाले, "अस्सं! म्हणजे आवाज देणाऱ्या मुलीला मुद्दाम तसं बोलायला लावलंत. कोण आहे ती?"

मॅडमनं माइक माझ्या हातात दिला. "सांग ना, कसं केलं आपण."

माइक नेहमी काठीच्या दुसऱ्या टोकाला असतो. तोंडाशी धरायची सवय नाही. समोर तिसऱ्या रांगेत आई, मांडीवर पर्स, खूश. मला वाटलं, आत्ता 'हो' म्हणून परत द्यावा. तेवढ्यानं भागलं असतं. सगळे घरी गेले असते.

"चूक नाहीये ती," मी म्हणालो. "मला कुणी बोलायला लावलं नाही. मी असाच बोलतो. मनात. पहिल्यापासून."

एवढंच. पुढचं सुचलं नाही. हसलं कुणी नाही, टाळ्याही नाहीत. नुसता त्या खोलीचा रूम टोन. मग ताई उठून काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. मॅडमचं तोंड उघडं. हिरॉइननं माझं कोपर धरलं, घट्ट, आणि तिच्या खिशात फोन वाजत होता तो तिनं वाजू दिला.

आई जागेवरच होती. तिच्याकडे बघवलं नाही. घरी येताना ती एक अक्षर बोलली नाही, मीही नाही. आल्यावर थेट खोलीत आलो. दार लावून हे लिहितोय. तिच्या मशीनचा आवाज येतोय बाहेरून. कंबर धरलेली असताना का बसलीय ती शिवायला?

रविवार, २ मार्च

सकाळपासून आई बोलतेय माझ्याशी. "झोप झाली?" "चहा ठेवलाय." "आंघोळीचं पाणी तापलंय." "भूक लागली असेल ना?" नेहमीसारखंच, म्हणून आधी लक्षात आलं नाही. अगं नाही. अरेही नाही. उठलीस नाही, उठलास नाही. मग भांडी लावता लावता म्हणाली, "काल तू बोल—" आणि थांबली. ओठ हलले, एकदा, दोनदा. ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "काल तुझं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. पार मागच्या रांगेपर्यंत गेलं असेल."

ही वाट मला पाठ आहे. कुठे वळायचं, कुठे शब्द गिळायचा, सगळं. मला वाटायचं, हिच्यावरून मी एकटाच चालतो.